आधी धार

सुतारकामाच्या पटाशीला धार लावून झाली की आमचे शेजारी ती आपल्या डाव्या मनगटावरून फिरवायचे. केस सफाचट झाले की खूश. "बघा भाऊ! घाई नाय करायची. आधी धार." त्या मनगटावर बारा महिने केस नसायचे. धारेचा उपयोग लाकडापेक्षा मनगटालाच जास्त झाला, असं मी त्यांना चिडवायचो.

राहायचे रोह्याजवळ अष्टमी गावात, आमच्या भिंतीला लागून. कंपनीतून निवृत्त झाले आणि सुतारकामाचं वेड घेऊन पडवीत बसले. हत्यारं अशी मांडलेली, की देव्हाऱ्यात देवही इतके नीट नसतील. रंधे पाच, पटाश्या तर विचारूच नका. मी रोह्याला वाचनालयात कामाला. सुतारकामावरचं जे पुस्तक हाती लागेल ते मीच त्यांना आणून द्यायचो. लाकडाचे सांधे किती प्रकारचे, हे तुम्ही त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं.

त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, मागणं एकच होतं, गणपतीचा पाट. आमच्याकडे आपला पाट आधी पेणला मूर्तींच्या कारखान्यात नेऊन देतात आणि मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. यांचा जुना पाट वाळवीने खाल्ला, तेव्हापासून वहिनींना दर वर्षी जावेकडे जादाचा पाट मागावा लागे. म्हणून यांनी सागाची फळी आणली, पेन्सिलीने आखली. पाच वर्षं ती आखलेली फळी भिंतीला टेकून होती.

"आवंदा तरी आपला पाट जाईल ना पेणला?"

"जाईल गो. हा रंधा तेवढा लायनीत येऊ दे."

हात नव्हता असं मात्र म्हणू नका. एकदा वाचनालयातल्या टेबलाचा खण अडकला. माझा पेरू कापायचा चाकू घेऊन त्यांनी तो असा बसवला, की करंगळीने सरकावा. मी बघतच राहिलो, तर तेच ओशाळले. "जुगाड हाय भाऊ. याला काम म्हणत नाय." तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की अहो, याच हाताने घरी जाऊन पाट करा. मी काय केलं? नवीन आलेलं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. ते आठवलं की मला माझाच राग येतो.

यंदा शिमग्यानंतर ते गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

श्रावणात वहिनी ती फळी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, चला पेणला. हीच देऊ." एसटीत फळी त्यांच्या मांडीवर. वाटेत वडखळला गाडी गर्दीत अडकली, तेव्हा त्या तिच्यावरून नुसता हात फिरवत होत्या.

कारखान्यातल्या माणसाने फळी उलटीसुलटी केली. "लाकूड झकास हाय, ताई. पण रंधा नाय मारला?"

त्याने कोपऱ्यातून आपलाच रंधा काढला. मूठ तुटलेली, तिला सुतळी गुंडाळलेली. त्याचं पातं यांनी पाहिलं असतं तर त्या दिवशी ते जेवले नसते. त्याने तो फळीवर फराफरा फिरवला, कोपरे कापले, खाली दोन पट्ट्या ठोकल्या. आम्हाला मागवलेला चहा येईपर्यंत पाट तयार झाला होता.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, एवढंच काम होतं?"

त्या खाली वाकल्या, पेन्सिलीची रेघ असलेला एक छिलका शोधला आणि पदराच्या टोकाला बांधला.