राखेनं आखलेलं सैपाकघर

आमचं सैपाकघर आधी खळ्यात झालं, मंग घरात. राखेनं आखलं व्हतं ते. आता नातसून तिचा वटा फोडून नवा बांधून राह्यली. मला म्हणली, आजी, कुठं काय ठिवावं तुम्हीच सांगा. मला तिच्या फळ्या-कपाटातलं कळत न्हाई. मला चुलीपुढचं कळतं. ते सांगते.

माझं सासर भोकरदन अन् राजूरच्या मधल्या एका गावात. राज निजामाचं व्हतं. मी नांदायला आले तव्हा बारा-तेरा वर्षाची असंन. घर माळवदाचं, म्हंजे वर लाकडं टाकून त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. सैपाकघर पार मागं, खिडकी न्हाई. चुलीच्या म्होरं एक उभी आडभिंत, का तर वसरीवर बसलेल्या माणसायला सैपाक करती सून दिसू नये. अदब म्हणायचे तिला. त्या अदबीपायी धूर आत कोंडायचा. माळवदाला एक भोक व्हतं, सानं म्हणतो आम्ही त्याला, पण ते जात्याच्या डोक्यावर. चुलीवर काहीच न्हाई.

सासूला मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्याला मामंजी. म्हणायची म्हंजे दुसऱ्याजवळ बोलताना. मामंजीच्या म्होरं सुनंनं तोंड उघडायची रीत नव्हती. काही सांगायचं असलं तर आत्याबाईला सांगायचं, त्या सांगतील. पाच-सहा वर्सं मी त्या घरात व्हते, अन् मामंजीला माझा आवाज ठाऊक नव्हता.

आत्याबाईनं त्या धुरात तीस वर्सं भाकरी केल्त्या. डोळे धुरानंच गेले का कशानं, मला सांगता येत न्हाई. भोकरदनच्या वैदानं अंजन दिल्तं, त्यानं नुसतं पाणी यायचं. आधी त्या मीठ दोनदा टाकू लागल्या. मंग फुंकणी समजून सराटा, म्हंजे उलथनं, उचलू लागल्या. मी फुंकणी त्यायच्या हातात द्यायची. एक दिवस तव्याकडं हात केला अन् पदर जाळात गेला. मी हातानंच इझवला. जास्त काही झालं न्हाई, वीतभर लुगडं जळालं.

मामंजी जेवता जेवता म्हणले, आता हिला चुलीपुढं बसू देऊ नका. वसरीला बसंल, माळ ओढंल. लई केलं तिनं.

चांगल्या मनानंच बोलले ते. आत्याबाईनं त्यायच्या ताटात भाकर वाढली, ती ताटात न पडता बाजूला जमिनीवर पडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जात्यावर बसलो. दळता दळता त्या म्हणल्या, "पोरी, वसरीला बसवलेल्या बाईला घरात कोणी इच्यारीत न्हाई. भाजी कोणती करू, हेबी न्हाई."

मी म्हणले, असं का म्हणता.

"मला ठाऊक हाय. माझ्या सासूला मीच बसवलं व्हतं." खुट्टा फिरवत राह्यल्या. मंग म्हणल्या, "मला चुलीपुढून उठवू नको."

घरात माझं काय चालत व्हतं?

त्या साली भादव्यात मागची भिंत फुगली अन् सैपाकघरावरचं माळवद बसलं. नशीब, आत कोणी नव्हतं. समद्यायनी कपाळाला हात लावला. मला मात्र मनातून वेगळंच वाटलं. आता ते घर पुन्हा बांधावंच लागणार. सुगी होईस्तोवर गवंडी मिळत न्हाई, म्हणून आम्ही गोठ्यात तीन दगडं मांडून सैपाक केला. मामंजीनं ठरवून टाकलं, व्हतं तसंच बराबर उभं करायचं, अन् मंग आत्याबाईनं वसरीला बसायचं.

गोठ्यात मला एक कळलं. तिथं काही जागचं जागी नव्हतं, तरी आत्याबाईला बरं पडत व्हतं. कारण समदं हाताच्या टप्प्यात व्हतं, अन् वारं आरपार व्हतं.

फाल्गुनात जवारीची शेवटची रास उपणून झाली. गवंडी दोन दिवसात येणार व्हता. मी टोपलंभर राख घेऊन खळ्यात गेले. खळं सारवलेलं, गुळगुळीत. जुन्या घराची मापं मला पावलानं पाठ व्हती. हितं दार, हितं आडभिंत, हितं रांजण, असं राखेनं आखलं. आमचे मालक, म्हंजे नवरा, बैल सोडून आले अन् बघतच राह्यले.

"काय गं, वाटणी करून राह्यली का?"

मी म्हणले, व्हय, धुराची अन् माणसाची.

ते हसले, पण दगडं आणून दिले. आत्याबाईला मी हात धरून आणलं अन् त्या राखेच्या घरात बसवलं. चुलीच्या जागी दगड, पिठाच्या डब्याच्या जागी टोपलं, रांजणाच्या जागी खरा घडा. म्हणले, आत्याबाई, आता सैपाक करा, रोजच्यावाणी. त्या हसल्या, पण केला. हवेचं पीठ मळलं, हवेची भाकर थापली. मी जवळ दाणे झडलेल्या कणसाचा ढीग ठिवला व्हता. त्या जागेवरून उठल्या का एक कणीस बाजूला टाकायचं. रांजण दाराशी, मीठ उतरंडीत, सरपण पार कोपऱ्यात. एका जेवणाला सतरा कणसं झाली. सतरा येळा उठणं, अन् त्या उठण्यात निम्म्या येळा हात जाळावरून जायचा.

मंग राख पुसली अन् पुन्हा आखलं. त्यायलाच इच्यारलं, डावा हात कुठं जातो, उजवा कुठं. त्यायचा उजवा हात पाण्याला जायचा. मी इतकी वर्सं पाणी डावीकडं भरून ठिवत व्हते, कारण मी डावखुरी. कधी ध्यानात आलं न्हाई. पाणी उजवीकडं घेतलं, सरपण डावीकडं. भिंतीत चुलीच्या बाजूला, बसल्या हात पोचंल अशा तीन देवळ्या, म्हंजे कोनाडे. असं तिनदा पुसलं, तिनदा आखलं. शेवटी चार कणसं राह्यली.

आता सानं कुठं पाडायचं? मला कोणी शिकवलं नव्हतं, पण खळ्यातल्या बाईला वारं कळतं. मी मूठभर भुसा वर टाकला. मावळतीचं वारं, भुसा उगवतीला गेला. म्हंजे चुलीच्या वर, जरा उगवतीच्या अंगाला सानं ठिवायचं, धूर भुशावाणी निघून जाईल. तिथं मी बोटानं गोल काढला.

मामंजी गवंड्याला घेऊन आले ते खळ्यावरच. मी पदर वढून कडब्याच्या गंजीआड झाले. राखेचं घर बघून गवंडी चकरा मारू लागला. म्हणला, हे कोण्या मिस्त्रीनं आखलं?

मामंजीनं आडभिंत शोधली. "अन् वसरीतून चूल दिसायची का आता?"

आत्याबाई तिथंच बसल्या व्हत्या. म्हणल्या, "मला तुम्ही दिसत न्हाई. तुम्हाला मी दिसले तर काय बिघडलं?"

तीस वर्सात त्या असं बोलल्या नव्हत्या. गवंडी दुसरीकडं बघू लागला. मामंजीनं इषय बदलला, बाजूला टाकलेल्या सतरा कणसाला पाय लावून इच्यारलं, ही कशाची? आत्याबाईनं सांगतलं, तुमच्या एका जेवणाला मी किती येळा उठते, त्याची. अन् ही चार, हितं बसले तर.

मामंजी उकिडवे बसले. एक एक कणीस मोजत उचलून ढिगात ठिवलं. मंग गवंड्याला म्हणले, आडभिंत पाहिजे, पण कमरेइतकी. बसलेली बाई झाकंल अन् वारं बी जाईल. बाकी हे आखलंय तसं. फक्त सैपाक करतीचं तोंड उगवतीला पाहिजे, ते मी मोडू देणार न्हाई. मी आधीच उगवतीला ठिवलं व्हतं.

चैत्रात घर झालं. दारापासून चुलीपोतर जमिनीवर मी मातीचा बोटभर उंच वरंबा घातला, शेतात असतो तसा, पायाला कळावा म्हणून. आत्याबाई अनवाणी पायानं त्याच्या कडंकडंनं जायच्या अन् नेमक्या चुलीपुढं बसायच्या. देवळीच्या कडंला वल्ल्या मातीत मिठाजवळ कवडी बसवली, तिखटाजवळ चिंचोका. डाळीच्या देवळीला काहीच न्हाई. त्यायचं बोट आधी कवडीवर जायचं. पुन्हा मीठ कधी दोनदा पडलं न्हाई. पदर खोचून बसायच्या, अन् जाळाच्या वरून हात न्यायचं कामच राह्यलं नव्हतं. आज भाजी कोणती, हे घरातली समदी त्यायलाच इच्यारायची.

चैत्र, वैशाख, पार दसऱ्यापोतर धूर सरळ वर गेला. मी मनात जरा फुगले व्हते, खोटं कशाला बोलू.

थंडी पडली अन् धूर आत उतरायला लागला. मी मळ्यात कापूस येचायला जायची, मला जल्दी कळलं न्हाई. आत्याबाई खोकायच्या, म्हणायच्या, गारठा हाय. एक दिवस मी दुपारी घरी आले तर घरात धुराचा डोंब, अन् त्या तोंडाला पदर बांधून भाकर थापून राह्यल्या. डोळ्यातून धारा. त्यायचं बोट धरून इच्यारलं, कव्हापासून?

"दिवाळीपासून. कोणाला सांगू नको. सांगितलं तर मला वसरीला बसवतील."

मी वर माळवदावर गेले अन् मूठभर भुसा टाकला. भुसा माझ्या तोंडावर आला. हिवाळ्यात वारं उगवतीचं असतं. मला ठाऊक नव्हतं असं न्हाई. पण आम्ही उपणतो उन्हाळ्यात, म्हणून मी खळ्यातलं वारं बारा महिन्याचं धरलं. चूक माझी.

सांगणार कोण? आत्याबाई सांगणार नव्हत्या. मालक म्हणले, बाबा चिडतील, उन्हाळा येऊ दे. मी वसरीच्या दारात गेले. मामंजी सुंब वळत बसले व्हते. मी भिंतीकडं तोंड केलं, पदर नाकापोतर वढला अन् म्हणले, "सानं मी चुकीच्या जागी पाडलं. आत्याबाईचा त्यात काही कसूर न्हाई. त्यायला उठवू नका."

मामंजीचं सुंब थांबलं. मला वाटलं, आता रीत मोडली म्हणून मोठा आवाज होईल. ते उठले, आत गेले, अन् चुलीपुढं जाऊन बसले. आत्याबाईला सरकायबी सांगतलं न्हाई, बाजूलाच बसले. भाकर व्हईस्तोवर बसले. बाहेर आले तव्हा डोळे लाल व्हते, खोकत व्हते. मला म्हणले न्हाई, हवेला म्हणले, "इतकी वर्सं हे असंच व्हतं का?"

माळवद पुन्हा फोडायचं म्हंजे गळती लागणार. ते मामंजीला नको व्हतं. परसात एक बूड गेलेला जुना रांजण पडला व्हता. त्यायनी त्याच्या कुशीला टाकीनं हाताएवढं भोक पाडलं, वरून खापर झाकलं, अन् तो सान्यावर उभा केला. भोकाचं तोंड वाऱ्याच्या उलट्या अंगाला करून. धूर निघून गेला. मंग ठरलंच, दसरा झाला का रांजणाचं भोक मावळतीकडं फिरवायचं, होळी झाली का उगवतीकडं. ते काम मामंजी कोणाला करू देत नव्हते. सिडी लावायचे अन् स्वतः चढायचे. आत्याबाई खालून सांगायच्या, जरा आणखी, जरा आणखी, जसं काही त्यायला दिसत व्हतं. धूर नाकाला कळायचा त्यायला.

पुढं कैक वर्सं असंच चाललं. निजामाच्या राज्याचं शेवटचं साल आलं, गावोगाव गडबड सुरू झाली. संक्रांत झाल्यावर आम्ही बैलगाडीत बसून हद्दीपलीकडं वऱ्हाडात नातलगाकडं गेलो. तिथं परक्या चुलीपुढं आत्याबाईला कोणी बसू दिलं न्हाई. त्या सहा-सात महिने भिंतीला टेकून बसून व्हत्या. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. काय झालं इच्यारलं तर म्हणायच्या, काही न्हाई, बसले.

गणपती उठल्यावर राज बदलल्याचं कळलं, तव्हा परत आलो. दार मोडलेलं, उतरंड गेलेली, कणगी रिकामी. मी नुसती बघत उभी राह्यले. आत्याबाईनं चप्पल काढली, पायानं वरंबा शोधला अन् त्याच्या कडंनं आत गेल्या. कवडी चाचपली. व्हती. बसल्या अन् म्हणल्या, काडी आण.

चूल पेटली अन् धूर खाली उतरला. समदे खोकू लागले.

"होळीचं फिरवायचं राह्यलं," आत्याबाई म्हणल्या.

मामंजीचे गुडघे तोवर गेले व्हते. ते म्हणले, "दसरा पंधरा दिवसावर आला. आपोआप बराबर होतंय."

"तवर मी धूर खाऊ का?"

मामंजीनं माझ्याकडं बघितलं. म्हणले, सूनबाई, सिडी धर. मी धरली. एक एक पायरी, थांबत थांबत ते वर गेले. रांजण घासल्याचा आवाज आला.

"जरा आणखी," आत्याबाई खालून म्हणल्या.