ठिणगी केसभर आधी

घरामागच्या शेडमध्ये गाडी आली की मास्तर आधी माणसाशी बोलायचे नाहीत. बॉनेट उघडायचे, इंजिन चालू करायला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. गाडीचा मालक काही सांगू लागला तर म्हणायचे, "तुम्ही थांबा, तिला सांगू द्या." शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण पस्तीस वर्षं इंजिनांची तोंडी परीक्षा घेतल्यामुळे नाव पडलं ते पडलंच. बायकोला मग ओघानेच लोक मास्तरीणबाई म्हणू लागले. ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेली, आणि इंजिनातलं तिला ओ की ठो कळत नाही, असं घरात सगळ्यांचं ठाम मत होतं.

खरं तर तिला थोडंफार कळायचं. स्वयंपाकघराची खिडकी शेडकडेच उघडत होती. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. त्याचा नट ढिला करून तो केसभर इकडे फिरवला की ठिणगी लवकर, तिकडे फिरवला की उशिरा. उशिरा पडली तर गाडी रडतखडत चालते. फार लवकर पडली तर चढावर आतून खडखड येते, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. त्यातला नेमका मधला बिंदू मास्तर कानाने शोधायचे.

"लवकर पडलेली ठिणगी म्हणजे आमच्या हिच्यासारखी," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "पोरगी अजून उंबऱ्यातच असते, आणि हिच्या मनात अपघात होऊन गेलेलाही असतो."

ती पोरगीही बापाच्याच वळणावर गेली, फक्त कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, नव्या गाड्यांवर. जेवताना दोघांची जुंपायची.

"नव्या इंजेक्शनच्या गाडीत फिरवायला काही नसतंच, बाबा. वेग किती, भार किती, सगळं कॉम्प्युटर बघतो आणि प्रत्येक ठिणगीची वेळ ठरवतो. वर इंजिनाला एक सेन्सर असतो. त्याला खडखड ऐकू आली की कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो."

"म्हणजे आता कान विकत मिळतो."

"मिळतो. आणि तो गिऱ्हाइकांवर खेकसत नाही."

मग पोरीची बदली झाली, डोंगरापलीकडच्या शहरात. जाताना तिने बापाची जुनी गाडी मागितली. त्याच गाडीवर ती शिकली होती. मास्तरांनी तीन दिवस खपून गाडी तयार केली. सोमवारी सकाळी ती निघणार होती. शनिवारी मास्तर बायकोला घेऊन बाजारात जाऊन आले, आणि पाण्याच्या टाकीच्या चढावर मास्तरीणबाईंना खडे ऐकू आले.

"अहो, काहीतरी वाजतंय."

"काय?"

"खडखडतंय."

"डिकीत पाना राहिला असेल."

घरी आल्यावर तिने डिकी बघितली. रिकामी होती. पण ती गप्प बसली. गेल्या वर्षी फ्रिजचा आवाज बदलला म्हणून तिने दोनदा माणूस बोलावला होता, आणि दोन्ही वेळा तो फ्रिजवरची बरणी सरकवून गेला होता. संध्याकाळी तिने पोरीला सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, चढावर खडखडत राहिलं तर काय होतं?"

"नव्या गाडीत काही नाही, कॉम्प्युटर सांभाळून घेतो. जुनीत सांभाळणारं कोणी नसतं. चढ लांबलचक असला तर पिस्टनला भोकही पडतं. का?"

"काही नाही, असंच."

डोंगरातला चढ तासाभराचा होता. पोरीला सांगितलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. पण मग मास्तरांना ते पोरीकडून कळलं असतं, आणि ते मास्तरीणबाईंना नको होतं. कारण एव्हाना तिच्या मनात दुसरंच सगळं जुळत चाललं होतं. दाराची घंटा. कुकरची शिट्टी. दर दोन वाक्यांनंतरचं ते "काय?". नवऱ्याला ऐकू न येणं ही तिने आजवर संसारातली सर्वसाधारण गोष्ट धरली होती.

रविवारी दुपारी ती शेडमध्ये गेली. मास्तर काच पुसत होते.

"मला टाकीच्या चढावर एक फेरी मारून आणा."

"कशाला?"

"काळजी वाटते म्हणून."

"ती तुला रिकाम्या खुर्चीचीही वाटते," म्हणत त्यांनी किल्ली घेतली.

चढ लागला. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

"आत्ता. हे बघा, वाजतंय."

"मला नाही ऐकू येत," ते म्हणाले, वाद मिटवल्यासारखे. थोडं पुढे जाऊन त्यांनी गाडी बाजूला घेतली, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, अगदी हळू. "मला नाही ऐकू येत."

ती त्यांच्याकडे वळली.

"पाखरं गेल्या वर्षीपासूनच बंद आहेत," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, मागची झाडं तोडली म्हणून असेल."

"आधी का नाही बोललात?"

"कानाने ठिणगीची वेळ लावणाऱ्याने हे कोणाला सांगायचं?" त्यांनी डिकीतून नव्हे, खिशातूनच पाना काढला. "उभ्या गाडीत ते वाजत नाही, भार पडला की वाजतं. आता मी चढवतो, तू ऐक. बोलू नकोस, ते तुला जमणार नाही, पण प्रयत्न कर. वाजलं की बोट वर कर."

पहिल्या फेरीला बोट वर गेलं. मास्तरांनी उतरून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, नट आवळला. दुसऱ्या फेरीला बोट अर्धवट उठलं.

"हे काय अर्धं?"

"अर्धंच वाजलं."

पुन्हा बॉनेट, पुन्हा पाना. तिसऱ्या फेरीला तिचा हात मांडीवरच राहिला. मास्तर रस्ता सोडून त्या हाताकडेच बघत होते, म्हणून तिला शेवटी बोलावंच लागलं, "पुढे बघा."

"ओढ कमी तर नाही ना झाली?" वर पोचल्यावर तिने विचारलं. तिला भीती, आपण ठिणगी फार उशिरा नेली की काय.

मास्तरांनी सीटवर पाठ टेकली, पुन्हा एकदा वेग वाढवून बघितला. "ते पाठीला कळतं," ते म्हणाले. "ओढ आहे."

सोमवारी पोरीचा फोन आला तेव्हा मास्तरीणबाई तासभर त्याच्याजवळच बसून होत्या. फोन मात्र मास्तरांनी घेतला आणि आवाज मोठा केला.

"बाबा, घाट संपला. कसली चढली गाडी, एकदाही कुरकुरली नाही. तुमच्या कानाला मानलं."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती मान हलवून नको नको म्हणत होती.

"कान तुझ्या आईचा," ते म्हणाले. "मला हल्ली चढावरचं ऐकू येत नाही. बारीक आवाज येतच नाहीत. बुधवारी डॉक्टरांकडे जातोय."

पलीकडे मागून एक ट्रक गेला.

"आईला द्या," पोरगी म्हणाली.

मास्तरीणबाईंनी फोन घेतला. "पट्टा लावलायस ना?"

"आई, गाडी उभी आहे."

"असू दे. लाव."