विहिरीपुढचा शेरा

एका सरकारी खात्याची वेब ॲप्लिकेशन्स चालू ठेवणं हे माझं काम. नवं काही उभारायचं नाही, आहे ते बंद पडू द्यायचं नाही. कुणाचा पासवर्ड चालेना किंवा दाखला छापताना अक्षरं फुटली, की फोन आमच्याकडे येतो. मी विरारच्या फ्लॅटमध्ये बसून हे करते. ज्या गावांच्या नोंदी रोज डोळ्यांखालून जायच्या, त्यातली बहुतेक मी पाहिलेलीही नव्हती.

गेल्या वर्षी विहिरींच्या नोंदणीचं ॲप्लिकेशन नव्या सर्व्हरवर हलवायचं ठरलं. त्याआधी फॉर्ममधले बिनवापराचे रकाने काढून टाक, असं आमच्या प्रमुखांनी सांगितलं. मी तपासायला बसले. शेवटचा ‘शेरा’ हा रकाना जवळजवळ सगळ्या गावांत रिकामा होता. फक्त किनारपट्टीतल्या गिरीज गावच्या विहिरींपुढे काही ना काही लिहिलेलं होतं, आणि तेही एकाच लॉगिनवरून. ‘गोड.’ ‘मचूळ.’ ‘केळीला चालेल, माणसाला नाही.’ ‘गोड, पण होळीनंतर नाही.’

एका माणसासाठी रकाना ठेवायचा नाही, असं प्रमुखांचं म्हणणं पडलं. ते चुकीचं नव्हतं. पण होळीनंतर त्या विहिरीचं काय होतं, हे कळल्याशिवाय माझ्याच्याने तो पुसवेना. मी तिथल्या कार्यालयात फोन लावला.

ते लॉगिन तिथल्या कारकून बाईंचं होतं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या, गिरीजच्याच. मी शेऱ्याचं विचारल्यावर त्या घाबरल्या. तिथे लिहायचं नसतं का, मी सगळं पुसून टाकू का, असं विचारू लागल्या. पुसू नका, मला फक्त समजून घ्यायचंय, असं मी सांगितलं. मग त्यांचा आवाज सैल झाला. शनिवारी घरी या म्हणाल्या, फोनवर समजणार नाही.

त्यांच्या वाडीत केळी होत्या, बांधाला नारळ, मधे अळूचे वाफे. त्यांनी विहिरीतून पाणी काढून मला ओंजळीत दिलं. मग बांध ओलांडून शेजारच्या वाडीत नेलं आणि तिथलंही प्यायला लावलं. दोन विहिरींत चाळीस पावलांचंही अंतर नसेल, पण दुसरं पाणी जिभेवर वेगळंच लागलं. खारट म्हणावं तर तसंही नाही. हेच मचूळ, असं त्यांनी सांगितलं. बाटलीबंद पाण्यावर राहणाऱ्या मला पाण्याला एवढ्या चवी असतात हे ठाऊकच नव्हतं.

कार्यालयातून फोनवर त्या पुस्तकी मराठी बोलल्या होत्या. घरी आल्यावर ‘पाणी’चं ‘पानी’ झालं होतं. म्हणाल्या, “खोली विचारतात, रुंदी विचारतात, पंप किती ताकदीचा ते विचारतात. पानी कसं, ते कुनीच विचारत नाय. म्हनून मी आपलं लिवते.”

दरवर्षी नोंदी ताज्या करायला त्या वाड्यावाड्यांतून फिरत, तेव्हा प्रत्येक विहिरीचं घोटभर पाणी पीत आणि शेरा बदलत.

मला वाटलं, याला नीट रूप द्यावं. परत येऊन मी शेऱ्याच्या जागी तीन पर्यायांची यादी केली: गोड, मचूळ, खारट. चाचणीची लिंक त्यांना पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. होळीपर्यंत गोड आणि उन्हाळ्यात मचूळ होणारी विहीर यात कुठे बसवायची? आणि केळीला चालणारी? मी यादी काढून टाकली आणि रकाना होता तसा मोकळा ठेवला. प्रमुखांना कळवलं की हा रकाना वापरात आहे. त्यांनी फार ताणलं नाही.

त्या खटपटीत एक गोष्ट सापडली. नवा शेरा लिहिला की जुना पडद्यावरून जाई, पण आत एका वेगळ्या तक्त्यात तारखेसकट साठून राही. म्हणजे बाईंचे इतक्या वर्षांचे सगळे शेरे शाबूत होते. फॉर्मच्या खाली ते ओळीने दिसतील अशी सोय मी केली आणि ती दाखवायला त्यांच्या कार्यालयात गेले.

जुने शेरे गेलेच असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी आधी आपल्या माहेरच्या विहिरीचा क्रमांक टाकला. पहिली काही वर्षं नुसतं ‘गोड’. मग ‘गोड, थोडं जड’. मग ‘मचूळ’. त्या बोटाने एकेक ओळ वाचत खाली आल्या आणि पुन्हा वर गेल्या.

“मला वाटायचं, एकदम बिघडलं,” त्या म्हणाल्या. “एकदम नाय बिघडलं.”

मग शेजारच्या वाडीतल्या विहिरीचा क्रमांक टाकला, मग त्याच्या पलीकडच्या. जेवणाची सुट्टी संपली तरी आम्ही दोघी कुठली विहीर आधी बदलली ते शोधत होतो. समुद्राच्या बाजूची आधी बदलली असेल असा माझा अंदाज होता. तो दोनदा चुकला.

नवं ॲप्लिकेशन आता सुरळीत चालू आहे. मागच्या महिन्यात नंदाखाल गावातल्या एका विहिरीपुढे पहिल्यांदाच शेरा आला: ‘चहा चांगला होतो.’ लॉगिन नवं आहे. कोण आहे ते मी अजून विचारलेलं नाही, पण फोन नंबर काढून ठेवला आहे.