भाऊसाहेबांचं वाघनख

चंदा वासनिक मूळची चंद्रपूरकडची. दिल्लीत वन्यजीव कायद्याच्या कामात तिच्या नोकरीची निम्मी वर्षं गेली होती. तिचं आजोळ व्याघ्र प्रकल्पासाठी जंगलातून उठवलं, तेव्हा मामा म्हणाले होते, "आमची घरं गेली, आता निदान वाघ तरी जगू द्या." तेव्हापासून वाघाच्या बाबतीत ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. फक्त समोरच्याला कोंडीत पकडताना तिला भारी मजा यायची.

नोएडातल्या मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाला भाऊसाहेब मोहिते सोन्यात मढवलेलं वाघनख गळ्यात मिरवत आले.

"आजोबांनी मारलेला वाघ! एका गोळीत!"

"खरं नख आहे?" चंदाने साळसूदपणे विचारलं.

"बिल्कुल खरं!"

"मग सरकारी दाखला असेलच. नसेल तर कायद्यानं निदान तीन वर्षं आत."

भाऊसाहेबांनी पटकन नख मुठीत झाकलं. "तसं... खोटंच आहे हो. करोल बागच्या बाजारातनं घेतलंय."

"खोटं?" त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मी ताट घेऊन तिथेच थबकल्या. "हेच दाखवून माझ्या बाबांवर छाप पाडलीत ना?"

"अगं, खरंच आहे... म्हणजे, खोटं!"

भोवतीचे लोक खो खो हसत सुटले. चंदाने मात्र चेहरा गंभीर ठेवला. "उद्या स्वतः वनखात्यात जमा करा. तपासणी होईल. नाही केलंत तर मला कळवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब निमूटपणे नख देऊन आले. पुढचे काही आठवडे त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. खरं निघालं तर तुरुंग, खोटं निघालं तर आजोबांची अब्रू! शेवटी चंदाच घरी आली.

"सुटलात, भाऊसाहेब. म्हशीचं शिंग आहे ते."

भाऊसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि लगेच त्यांचं तोंड पडलं. "म्हशीचं? पण आजोबा तर सांगायचे, झाडावरून..."

"म्हशीला घाबरून चढले असतील," विजयालक्ष्मी म्हणाल्या आणि दोघी बायका पोट धरून हसल्या.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत भाऊसाहेब छाती काढून सांगत होते, "वाघ वाचावेत म्हणून आमच्या घराण्याची निशाणी मी आपणहून सरकारजमा केली!"

सगळ्यांनी चंदाकडे पाहिलं. तिने सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.