माझा एकुलता एक वाचक

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या ब्लॉगवरून माझ्या नवऱ्याला काढून टाकण्यात आलं.

मैत्रिणींनो, निवृत्तीनंतर मी ब्लॉग सुरू केला तेव्हा मला वाचक एकच होता. आमचे हे, मूळचे अकोटचे. प्रत्येक लेखाखाली लिहायचे, "वाचलं. मले समजलं नाई, पन झकास लिवलं." त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

वाचक वाढावेत म्हणून मी इथल्या, आमच्या अमरावतीच्याच एका ब्रँडिंगवालीला पासवर्ड दिला. आज तिने त्यांच्या सगळ्या कमेंट पुसल्या आणि अभिमानाने फोन केला. "काकू, एकच माणूस सगळीकडे, अन् तेही गावठी! तुमच्या ब्रँडले शोभत नव्हतं ना."

"अगं, ते तुझे काका होते," मी म्हटलं.

तिला तरी काय बोलू? कॉन्व्हेंटच्या तोऱ्यात मीच त्यांना एकदा म्हटलं होतं, "चारचौघांत तरी नीट लिहा." ते हसले, आणि पुढच्या लेखाखाली पुन्हा तसंच लिहिलं.

तरीही ब्रँडिंगवाले बाई, त्या कमेंट परत येतील की नाही, हे शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर मला रडू येतं.