पास्कू काकाच्या गेटवरची मेणबत्ती

नाही, आधी तुम्ही फोटोखालच्या कमेंटमधलं ते 'आमेन' डिलीट करा. आणि 'किती गुणी पोरगी' वालं पण. फोटोत मूर्ती माझ्या हातात आहे, बरोबर... पण तुम्हाला वाटतंय तसं काही नाहीये त्यात.

परवा संध्याकाळचा फोटो आहे, आमच्या गास गावातला. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. मदर मेरीची मूर्ती रोज एका घरातून दुसऱ्या घरी जाते, मागून सगळी आळी गात गात. ज्याच्याकडे ती येणार तो गेटवर मेणबत्ती लावून ठेवतो. मेणबत्ती दिसली की आत वळायचं, विचारायचं नाही.

आदल्या दिवशी मूर्ती आमच्याकडे होती, म्हणजे पुढे पोचवायची आम्ही. पप्पांचा खांदा दुखत होता, म्हणून माझ्या हातात दिली. आता खरं सांगते... बरेच दिवस झाले, मी हे सगळं मानत नाही. म्हणजे अगदी मानत नाही असंही नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते, सगळे उभे राहिले की उभी राहते, ओठ हलवते. आवाज नसतो, बस.

घरी कुणाला सांगितलं नव्हतं. कारण पास्कू काकाचं काय झालं ते बघितलंय मी.

पास्कू काका पप्पांचा सख्खा धाकटा भाऊ, आमच्याच रस्त्यावर राहतो. काही वर्षांपूर्वी तो चर्च सोडून एका वेगळ्या प्रार्थनेच्या ग्रुपला जायला लागला. त्यांच्यात मूर्ती, रोझरी काही चालत नाही. घरातल्या मूर्ती, संतांचे फोटो, सगळं उतरवलं. पप्पांनी तेही गिळलं असतं. पण आजी गेली, तिच्या शवपेटीभोवती सगळे रोझरी म्हणत होते आणि काका नुसता उभा. स्वतःच्या आईसाठी एकदा तोंड उघडलं नाही. पप्पा त्याच दिवशी त्याला म्हणाले, माझ्या दारात येऊ नको.

तेव्हापासून मूर्ती त्याच्या गेटवरून सरळ पुढे जाते. आणि का कोण जाणे, तेवढ्या पट्ट्यात सगळे जरा भरभर चालतात.

परवा अर्ध्या रस्त्यात लाईट गेली. पूर्ण काळोख... आणि समोर काकाच्या गेटच्या खांबावर मेणबत्ती.

आमच्या एरियातल्या प्रार्थनांचं सगळं डॉली आंटी बघतात, त्या पुढे होत्या. त्या एकदम थांबल्या. "बोलावलं गं त्याने," एवढंच म्हणाल्या आणि रडत रडत गेट उघडलं. त्यांच्या मागे मूर्ती घेऊन मी, माझ्या मागे अख्खी आळी. गाणं एकदम वरच्या पट्टीत.

काका बनियन आणि हाफ पँटवर बाहेर आला. हातात मोबाईलचा टॉर्च. आमच्याकडे बघतच राहिला, मग हळूच म्हणाला, "डॉली, लाईट गेली म्हणून लावलीये. ही यायचीये कामावरून, अंधारात ठेचकाळेल."

गाणं बंद. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला तर कळेचना... आत आलेली मूर्ती तशीच परत न्यायची? आजवर कुणी नेलीच नव्हती. हात भरून आले होते माझे. सगळे पप्पांकडे बघत होते, म्हणजे ते होते त्या दिशेला. ते सगळ्यात मागे, गेटच्या बाहेर.

पप्पा आत आले. काकाच्या समोर उभे राहिले.

"मग लाईट येईपर्यंत थांबतो."

काका वळला. आत जाऊन खुर्च्या आणायला लागला. प्लास्टिकच्या, एकात एक अडकलेल्या. पप्पांनी दुखऱ्या खांद्याने त्यातली एक ओढून काढली.

तिथेच अंगणात रोझरी सुरू झाली, मूर्ती माझ्याच हातात. काका म्हणत नव्हता, पण गेलाही नाही. आणि अंधार होता ना... मी पण ओठ हलवायचं विसरले. किती दिवसांनी इतकं हलकं वाटलं असेल मला.

मग लाईट आली. एकदम, 'नमो मरिया' प्रार्थनेच्या मध्येच. वर बघितलं तर काका माझ्या तोंडाकडे बघतोय. आणि पप्पा आम्हा दोघांकडे. डॉली आंटींच्या सुनेने नेमका तेव्हाच हा फोटो काढला. झूम करून बघा... सगळ्यांची तोंडं उघडी आहेत. दोघांची बंद.

मूर्ती पुढच्या घरी पोचवून परत येताना पप्पा आपल्याआपण बोलावं तसं म्हणाले, "आईच्या वेळी पण असाच उभा होता तो. हात जोडलेले होते त्याचे. मला तेव्हा ते दिसलंच नाही."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तुझं कधीपासून?"

म्हटलं, माहीत नाही पप्पा. त्यांनी आमचं गेट उघडून धरलं, मला आधी आत जाऊ दिलं. बस एवढंच.

आता ही माफी होती का? कुणाला? काकाला, की मला? आणि मी काय केलंय की मला माफी लागावी... पण ते गेट धरून उभे होते तेव्हा रडू आलं, ते का आलं? मूर्ती मानत नाही म्हणते, पण मूर्ती हातात नसती तर आमच्यातलं कुणी त्या गेटच्या आत गेलं असतं का? मग हे केलं कुणी, लाईटवाल्यांनी? दोन दिवस डोकं फिरलंय माझं. तुमचं 'आमेन' त्यात कुठेच बसत नाही.

खाली पप्पा चपला घालून उभे आहेत. आजच्या रोझरीला जायचंय. हाक मारत नाहीयेत, नुसते थांबलेत. पप्पा, थँक्यू... हे तोंडावर नाही जमणार मला. आज ओठ हलवणार नाहीये, आणि तरी जाणार आहे. का, ते विचारू नका.

कमेंट बंद करतेय. चालले मी.