स्वच्छ, कोरडी पिशवी

ती घटना मला आजही आठवते. खरं सांगायचं तर ती आठवू नये म्हणून मी बरीच वर्षं प्रयत्न केला. गुन्हा लहान होता. खून नाही, दरोडा नाही, अर्धा एकर कपाशी वाळल्याची तक्रार. पण मुदतीआधी नोकरी सोडून आदिलाबादच्या घरी एकटा राहायला लागल्यापासून मोठे गुन्हे मागे पडत गेले आणि हाच पुढे येत राहिला.

मी तेव्हा हायवेलगतच्या एका ठाण्याचा सबइन्स्पेक्टर होतो. पोळ्याला पंधरा दिवस होते. एक बाई तक्रार घेऊन आली. नवरा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. शेती ती एकटीच बघायची. तिची फुलावर आलेली कपाशी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूनं तीन दिवसांत वाळली होती. धुऱ्यापलीकडचं शेत एका एकट्या म्हाताऱ्याचं. बायको वारलेली, मुलगी यवतमाळकडे दिलेली. शेतातच घर, घरी दोन बैल आणि तो. पावसाचं पाणी त्याच्या शेतातून हिच्या शेतात उतरतं, यावरून दोघांचं महिनाभर वाजत होतं.

"त्यानं मीठ टाकलं साहेब," बाई म्हणाली. "उगाच नाई म्हनून राह्यली मी."

संध्याकाळी बाजारातल्या एका दुकानदाराचा फोन आला. म्हाताऱ्यानं गेल्या आठवडी बाजारातून दोन पोती मीठ नेलं होतं. एकट्या माणसाला दोन पोती मीठ लागतं कशाला? मला वाटलं, गुन्हा उघडकीला आला, आता फक्त कागद करायचे.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. शेती खात्याचा माणूस रजेवर होता. मी म्हटलं, मातीच तर घ्यायची आहे, त्याला माणूस कशाला हवा? वाळलेल्या झाडांच्या मधोमध एक खड्डा खणला आणि हात बुडेल एवढी माती काढली. पिशवी आणायचं कोणाच्याच लक्षात नव्हतं. आमच्या हेड कॉन्स्टेबलनं जीपमधून एक प्लास्टिकची पिशवी आणली. ठाण्याच्या स्वयंपाकघरातली होती. त्यानं ती दोनदा झटकली. मी ते पाहिलं. पंचनाम्यात लिहिलं, 'माती स्वच्छ, कोरड्या पिशवीत घेऊन लाखेचं सील केलं.' हे वाक्य मी शेकडो पंचनाम्यांत लिहिलं होतं. हात आपोआप लिहायचा, डोळे पिशवीकडे जायचे नाहीत.

निघताना बाईनं विहिरीचं पाणी काढून आम्हाला दिलं आणि बादली काठावर पालथी ठेवली.

"पालथी काऊन?" हेड कॉन्स्टेबलनं विचारलं.

"बेंडकं जाऊन बसतात जी. एकदा बादलीतून त्या काकाच्या हंड्यात बेंडूक गेलं, तवापासून ओरडते मले." बोलता बोलता ती हसली. मग ज्याच्यावर तक्रार केली तोच काका, हे आठवून गप्प झाली.

आठवड्यानं शेती खात्याच्या माती प्रयोगशाळेचा अहवाल आला. क्षारांचं प्रमाण फार जास्त, मीठ असल्याची शक्यता. त्याच सकाळी मी म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. अटक दाखवली नाही, नोंदही केली नाही. चौकशीला बोलावलं, एवढंच. बाकावर दोन दिवस बसवून ठेवलं.

मी हात उगारला नाही. पोलिसात इतकी वर्षं काढल्यावर कळतं की हात उगारायची गरज सगळ्यांच्या बाबतीत पडत नाही. काहींना नुसतं थांबवून ठेवलं तरी पुरतं.

"मीठ कशाला नेलं?"

"कडबा शिळा झाला साहेब. बैल तोंड लावत नाईत. मिठाचं पानी शिंपडलं का खातात."

"दोन पोती?"

"सस्तं भेटलं. आन मीठ काई सडते का?"

ठाण्यातले सगळे हसले. मीही हसलो. दुपारी त्यानं विचारलं, "साहेब, बैल बांधून आलो. पानी कोन पाजन त्याईले?"

"पाठवतो कोणाला तरी," मी म्हणालो. तेवढ्यात हायवेवर लॉरी उलटल्याची वर्दी आली आणि मी निघालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "लिहून घ्या साहेब. मीच टाकलं. आता घरी जाऊ द्या, बैल उपाशी हायेत."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला माहीत होतं. पण तपास संपल्याचं समाधान मिळतं. अटक दाखवून त्याला जामिनावर सोडलं. गावात बातमी माझ्या जीपच्या आधी पोचली. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली त्याचे बैल सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले. त्याच्या शेजारी कोणी आपली जोडी लावली नाही.

महिन्याभरानं दोषारोपपत्रासाठी जबाब घ्यायला मी प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या बाई आमच्याच भागातल्या होत्या. त्यांनी सील लावलेलं वेष्टण काढलं. त्यात माती ओतून घेतल्यावर घडी घालून ठेवलेली पिशवी होती. त्यांनी कोपऱ्यात बोट घातलं, बाहेर काढून बघितलं आणि जिभेला लावलं.

"इन्स्पेक्टरसाहेब, ही पिशवी कशाची?"

पिशवीवरचं चित्र घासून पुसट झालं होतं, पण ओळखू येत होतं.

"आम्ही शेतकऱ्यांना ओरडून सांगतो, खताच्या पोत्यात माती आणू नका. मिठाच्या पिशवीत पोलीस आणतील हे ध्यानातच आलं नाही."

त्या स्वतः शेतावर आल्या. दोन्ही शेतांत नागमोडी चालत दहा-दहा ठिकाणी खुरप्यानं माती घेतली. धुरा, झाडाची सावली आणि शेणखताची जागा टाळली. घमेल्यात मिसळली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा चार केले. शेवटी अर्धा किलोभर माती उरली ती कापडी पिशवीत भरली. तपासणीत दोन्ही शेतांत मीठ निघालं नाही. होती ती जस्ताची कमतरता, आणि त्यावर काय, किती टाकायचं ते त्यांनी माती परीक्षणाच्या दोन पत्रिकांवर, एकेका शेताच्या, लिहून दिलं. कपाशीचं कारण त्यांनी धुऱ्यावर उभं राहून सांगितलं. मोठी उघडीप गेली, मग एका रात्रीत जोराचा पाऊस झाला, खोलगट भागात पाणी साचलं आणि झाडं एकाएकी सुकली. याला आकस्मिक मर म्हणतात. ती कोणी करत नाही.

आता माझं काम काय होतं, हे सांगायला पोलीस असावं लागत नाही. गावात जाऊन चार लोकांसमोर म्हणायचं, चूक माझी झाली. मी ते केलं नाही. कोर्टाला अहवाल दिला, 'नमुना सदोष, गुन्हा सिद्ध होत नाही.' पिशवीचं नाव त्यात नव्हतं. फिर्यादी बाईची पत्रिका तिला टपालानं गेली. म्हाताऱ्याची माझ्याकडे राहिली, कारण ती द्यायला त्याच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. पुढे माझी बदली झाली.

गेल्या उन्हाळ्यात कागद आवरताना ती पत्रिका सापडली. पत्नी मुलाकडे हैदराबादला असते. घरात विचारायला कोणी नव्हतं. मोटारसायकल काढली आणि गेलो.

म्हातारा ओसरीवर एकटाच बसला होता. गोठा रिकामा. त्यानं मला लगेच ओळखलं.

"या साहेब. बैल विकले. कामाच्या बदल्यात कामाले कोनी येत नाई, मंग ते दोघं बांधून काय करू? शेत मक्त्यानं देल्लं."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. पिशवी, पंचनामा, कोर्टाला दिलेला अहवाल. तो ऐकत राहिला.

"असू द्या," शेवटी म्हणाला. "तुमी वाईट मानूस नाई. तुमी शब्द पाळला. मी घरी आलो त बैलाईपुढं पानी भरून होतं. टोपल्यात कडबा. बादली सुदीक पालथी ठेवेल होती. म्हनलं, पोलिसायचं काम शिस्तीचं."

गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढी एकच चांगली गोष्ट त्या घरात शिल्लक होती.

"काका, मी कोणालाच पाठवलं नव्हतं. विसरलो होतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग धुऱ्यापलीकडे. विहिरीच्या काठावर बादली पालथी होती.

"मंग तिनं सांगितलं काऊन नाई?" तो हळूच म्हणाला.

तिनंच तक्रार केली होती, ती काय सांगणार? मी खिशातली पत्रिका त्याच्यापुढे धरली. त्यानं ती हातात घेतली. "हे तेलुगूत हाय. मले वाचता येत नाई. तिले येते." तो उठला, पायात चपला न घालताच निघाला आणि धुऱ्यापाशी जाऊन थांबला. पलीकडे ती पाठमोरी काम करत होती.

पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मोटारसायकल सुरू केली असती तर आवाजानं त्यानं मागे वळून पाहिलं असतं. म्हणून ती रस्त्यापर्यंत ढकलत नेली.

तपासात मी नेहमी एकच विचारत आलो, हे कोणी केलं? वाईट झालं की विचारायचं, तशी आम्हाला शिकवण. त्या दोन दिवसांत त्या गोठ्यात काहीतरी चांगलंही घडलं होतं, आणि त्याची चौकशी करायचं मला सुचलं नाही. ती केली असती तर दोन एकटी माणसं इतकी वर्षं एका धुऱ्याच्या दोन बाजूंना गप्प राहिली नसती.

त्या फायलीत दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या. फाइल आता माझ्या हातात नाही, म्हणून इथे लिहितो. पिशवी मिठाची होती. आणि आरोपी ठाण्यात असताना त्याच्या बैलांना पाणी फिर्यादी बाईनं पाजलं.